जुन्या घराचा थंडावा : तापमाननियंत्रक वायरचा की बिनतारी?

कूलरच्या पंपाचा कबूल केलेला हिशेब या आठवड्यात येणार नाही. गुलमंडीजवळच्या एका जुन्या घरात राहणाऱ्या वाचकाने त्याआधी एक प्रश्न पाठवला असून उन्हाळा चालू असताना तो मागे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या माडीवरील खोलीत स्प्लिट एसी बसवायचा आहे. खोलीचे तापमान मोजून यंत्राला हुकूम देणारा थर्मोस्टॅट भिंतीवर वायरने जोडलेला घ्यावा की बिनतारी, असे ते विचारतात. प्रश्न यंत्राचा वाटतो, पण त्याचे निम्मे उत्तर भिंतीत दडलेले आहे.

स्प्लिट एसीमध्ये तापमान मोजण्याचे काम थर्मिस्टर करतो, म्हणजे उष्णतेनुसार ज्याचा विद्युतरोध बदलतो असा मण्याएवढा घटक, आणि तो खोलीतील हवा यंत्रात जेथून शिरते तेथे, अर्थात छताच्या थोडा खाली बसवलेला असतो. उष्ण हवा वर राहते व थंड हवा खाली साचते, म्हणून हा संवेदक माणूस झोपतो त्या पातळीपेक्षा अधिक तापमान वाचतो आणि पलंगावरच्या माणसाने पांघरूण ओढले तरी बाहेरचा कॉम्प्रेसर थांबत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार एसीचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे 6 टक्के वीज वाचते, आणि 1 जानेवारी 2020 पासून नवे एसी मूळ तापमान 24 अंशांवर ठेवून विकले जातात ते याच विचाराने. परंतु हे 24 अंश छताजवळचे की उशीजवळचे, हे ठरल्याशिवाय त्या आकड्यातून पूर्ण बचत पदरात पडत नाही.

मोजणी खाली आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला वायरच्या रिमोटचा : कॅसेट व डक्टच्या एसींसोबत तो सर्रास येतो आणि काही स्प्लिट एसींनाही वेगळा घेऊन जोडता येतो, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर तो भिंतीला बसतो आणि त्याच्या पोटातील संवेदक खोलीचे तापमान बारीक वायरीने यंत्राला कळवतो. दुसरा मार्ग हातातील रिमोटमध्येच संवेदक असलेल्या एसीचा, ज्यात रिमोट दर काही मिनिटांनी अवरक्त किरणांद्वारे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाद्वारे, आपल्याजवळचे तापमान पाठवत राहतो.

आता भिंतीकडे वळावे लागते, आणि येथे थोडे रेंगाळणे क्षम्य ठरावे. शहराच्या जुन्या भागातील घरे बहुधा एकाच काळातील नसतात : खालचा मजला काळ्या दगडाचा व चुन्याचा, त्यावर तुळया आणि पांढऱ्या मातीचे माळवद, आणि माळवद उतरवून वर चढवलेली माडी नऊ इंची विटांची, असा संकर पावलोपावली दिसतो. दोन फुटांच्या दगडी भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोचायला ढोबळ हिशेबाने पंधरा तास लागतात आणि पोचेपर्यंत तिचा जोर जवळजवळ ओसरलेला असतो, तर नऊ इंची विटेतून ती सहा-सात तासांत बऱ्याच जोराने आत येते. याचा अर्थ दुपारी तीनचे ऊन माडीच्या पश्चिम भिंतीतून रात्री नऊ-दहाच्या सुमारास, नेमके निजण्याच्या वेळी, खोलीत उतरते. त्या भिंतीवर थर्मोस्टॅट ठोकला असेल तर तो खोलीतील हवेचे नव्हे, तर दुपारच्या उन्हाचे तापमान वाचत बसतो.

दगडी भिंतही या दोषातून पूर्णपणे सुटत नाही. येथे मे महिन्यात दिवसाचे कमाल तापमान 40 अंशांच्या आसपास व पहाटेचे किमान 25 अंशांच्या आसपास असते, आणि जाड भिंत या दोहोंच्या मधोमध, बत्तीस-तेहतीस अंशांजवळ, दिवसरात्र टिकून राहू पाहते. त्यामुळे हवा 26 अंशांवर आली तरी भिंतीला पाठ टेकलेला संवेदक काही काळ जास्तच आकडा दाखवतो. वायर घालताना पाडलेले छिद्र उघडे राहिल्यास भिंतीतील हवा थेट संवेदकावर येते, ही चूक तर नव्या इमारतींतही होते. उपाय साधे आहेत : आतली, ऊन न लागणारी भिंत निवडावी, मागे लाकडी पट्टी देऊन संवेदक भिंतीपासून अलग ठेवावा, छिद्र बुजवावे, आणि जागा आयती मिळते म्हणून थर्मोस्टॅट कोनाड्यात बसवू नये, कारण कोनाड्यातील हवा हलत नाही.

वायर नेण्याचा प्रश्न वेगळा आहे. चुन्याच्या भिंतीत ग्राइंडरने झिरी मारली की गिलाव्याचे पोपडे झिरीपुरते न राहता हातभर लांबपर्यंत सुटतात, आणि वर सिमेंटने केलेली डागडुजी चुन्याशी एकजीव होत नाही. केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतून तुळईच्या कडेने वायर उघडी नेणे दिसायला कमी सुबक, पण भिंतीसाठी निःसंशय चांगले; मात्र ही बारीक वायर 230 व्होल्टच्या वायरींसोबत एकाच पट्टीत कोंबू नये, कारण शेजारच्या विद्युतप्रवाहामुळे संदेशात खोट येऊ शकते.

बिनतारी पर्यायात गिलावा वाचतो, परंतु अवरक्त किरण भिंत ओलांडत नाहीत. पांढऱ्या चुन्यावरून ते परावर्तित होतात, म्हणून एकाच खोलीत रिमोट यंत्राच्या थेट समोर नसला तरी बहुधा काम भागते. उशीखाली गेला की संपले, आणि काही मिनिटे संदेश न मिळाल्यास बरेचसे एसी मुकाट्याने आपल्या छताजवळच्या संवेदकावर परततात. रेडिओलहरींवर चालणारी उपकरणे भिंत ओलांडतात, पण तेथेही लहरीची लांबी पाहावी लागते : वाय-फायची 2.4 गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची असते व जाड, विशेषतः ओल धरलेल्या दगडी भिंतीत लवकर क्षीण होते, तर परवान्याविना वापरता येणाऱ्या 865 ते 868 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील पस्तीस सेंटिमीटरची लहर तीच भिंत अधिक सहज पार करते. मध्ये पत्र्याचे छत आले तर मात्र दोन्ही लहरींची वाट बंद होते. शिवाय वाय-फायवर अवलंबून असलेला थर्मोस्टॅट वीज गेल्यावर राउटरसह निजतो, हेही विसरता येत नाही.

परदेशातील नातेवाइकांनी आणलेल्या थर्मोस्टॅटबाबत एक इशारा आवश्यक आहे. अमेरिकेतील घरगुती थर्मोस्टॅट बहुतांशी 24 व्होल्टवर चालतात आणि आपल्या 230 व्होल्टला जोडल्यास ते जळतात. तेथील 915 मेगाहर्ट्झचा पट्टाही भारतात परवानामुक्त नाही. असा थर्मोस्टॅट कितीही देखणा असला तरी येथे निरुपयोगीच आहे.

तेव्हा पत्रलेखक वाचकांच्या माडीसाठी, जेथे खोली एकच आणि भिंती नऊ इंची आहेत, संवेदकयुक्त रिमोट असलेला एसी पुरेसा आहे. तो रिमोट पलंगाजवळच्या स्टुलावर उघडा ठेवावा व त्याचे सेल उन्हाळ्याच्या तोंडावर बदलावेत. खालच्या दगडी दिवाणखान्यात कॅसेट एसी घ्यायचा झाल्यास मात्र वायरचाच रिमोट घ्यावा आणि तो आतल्या भिंतीवर बसवून त्याची वायर पट्टीतून न्यावी. वायरमनने झिरी मारण्याचा आग्रह धरला तर वायरमन बदलावा. कूलरच्या पंपाचा हिशेब पुढील आठवड्यात.