आगकाडीपासून संगणकापर्यंत

अंबरनाथचे नाव निघाले की जुन्या माणसांना प्राचीन शिवमंदिर आठवते आणि 'विमको'चा कारखानाही आठवतो. एकेकाळी तेथे आगपेट्या तयार होत. अशाच आगकाड्यांनी एकदा चित्रपटात काम केले होते, असे सांगितले तर तुम्हांला खरे वाटेल का?

१९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढणाऱ्या दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट केला. त्यात निर्जीव काड्या हालचाल करत. युक्ती साधी, पण चिकाटीची असते. काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचे, काड्या किंचित सरकवायच्या आणि पुन्हा चित्र घ्यायचे. ही चित्रे भराभर दाखवली की डोळा फसतो आणि काड्या चालताना दिसतात. बोलपटात सेकंदाला २४ चित्रे सरकतात. म्हणजे दहा मिनिटांसाठी १४,४०० चित्रे! मध्येच कोणाचा कोपर लागला तर?

व्यंगचित्रपटाचे कामही असेच कष्टाचे होते. मुख्य चित्रकार उडीची सुरुवात आणि शेवट काढी; मधली चित्रे त्याचे मदतनीस काढत. मग प्रत्येक चित्र पारदर्शक पत्र्यावर शाईने गिरवून मागच्या बाजूने रंगवायचे. सदऱ्याचा रंग बदलायचा ठरला, तर शेकडो पत्रे पुन्हा रंगवावे लागत.

संगणक आला आणि रंग एका आज्ञेने बदलू लागला. पुढे तर पात्राची आकृती संगणकातच एकदा घडवून ती हव्या त्या बाजूने दाखवता येऊ लागली. मधल्या हालचालींचा हिशेब यंत्र करू लागले. १९९५ साली अमेरिकेत 'टॉय स्टोरी' हा संपूर्णपणे संगणकावर घडवलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला. त्यातले एकेक चित्र पुरे करायला संगणकाला कित्येक तास लागत, हे मात्र आपण विसरतो.

जुन्या चित्रपटांनाही संगणकाचा हात लागला. के. आसिफ यांचा 'मुग़ल-ए-आज़म' १९६० साली आला, तेव्हा त्याचा बराचसा भाग कृष्णधवल होता. तो संगणकाने रंगवून २००४ साली पुन्हा प्रदर्शित झाला. काहींना तो आवडला, काहींना आपला जुनाच बरा वाटला. मी दुसऱ्या गटातला!

या बदलात पत्रे रंगवणाऱ्या अनेक हातांचे काम गेले, हे खरे आहे. पण पूर्वी ज्यासाठी स्टुडिओ लागे, ते आता उल्हासनगर किंवा बदलापूरच्या एखाद्या लहानशा खोलीतही करता येते. घरातील मोठ्यांचा मोबाइल मागून घ्या आणि तो पुस्तकांच्या आधाराने घट्ट उभा करा. सेकंदाला १२ चित्रे धरली, तर पाच सेकंदांसाठी ६० पुरतात. काड्या मात्र पेटवायच्या नाहीत, फक्त चालवायच्या.