तारेखालचे दात

पोराचे दात वाकडे आले तर पूर्वी आपण म्हणत होतो, "असू द्या, देवाने दिले तसे." आता दातांचे डॉक्टर तार बसवून दात सरळ करतात. तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलामुलींच्या तोंडात ही तार दिसते. कोणी तिला क्लिप म्हणतात.

आमच्या वर्गाला येणाऱ्या एका बाईंच्या मुलीला अशी तार बसवली. मुलगी १४ वर्षांची. तारेसाठी बाईंनी दोन वर्षे पैसे साठवले होते. एक दिवस त्या आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, पोरीच्या हिरड्यांतून रक्त येतंय. ब्रश लावला की जास्तच येतं. म्हणून मी म्हटलं, थोडे दिवस घासू नको."

दुखते तिथे हात लावू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण इथे उलटे आहे. घासणे थांबवले की रक्त वाढते. ते कसे, हे समजून घेऊ.

डॉक्टर एकेका दातावर टिकलीएवढा तुकडा चिकटवतात. त्या तुकड्यांतून तार ओवतात. तार दातांना हळूहळू ओढते. हे काम बहुधा दीड-दोन वर्षे चालते. तोपर्यंत तार घरी काढता येत नाही. शेताच्या तारेच्या कुंपणाला पालापाचोळा अडकतो ना? तसे या तारेला अन्न अडकते. दातावर बुळबुळीत थर बसतो. त्या थरात जंतू असतात. थर हिरडीला लागून राहिला की हिरडी सुजते आणि रक्त येते.

जंतूंना साखर आवडते. साखर खाऊन ते आंबट रस तयार करतात. शहाबादी फरशीवर लिंबू सांडले तर पांढरा डाग पडतो. तो पुसून जात नाही. दाताचेही तसेच होते. आंबट रस दातातला चुना ओढून घेतो आणि तुकड्याभोवती पांढरा डाग पडतो. नीट घासले नाही तर महिनाभरातही असा डाग दिसू लागतो. पुढे तिथे दात किडतो. मग दोन वर्षांनी तार निघते, दात सरळ झालेले असतात, पण डागाळलेले! केवढा पैसा आणि केवढ्या खेपा!

म्हणून रोज दोनदा दात घासावेत. रात्रीचे घासणे तर चुकवूच नये. झोपेत तोंडाला लाळ कमी सुटते, त्यामुळे रस धुतला जात नाही. ब्रश मऊ आणि लहान डोक्याचा घ्यावा. फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यावी. ब्रश तिरपा धरून आधी तुकड्याच्या वरून, मग खालून घासावे. हिरडीच्या कडेवर ब्रश हलका फिरवावा. तारेखाली ब्रश पोचत नाही. तिथे घालायला बाटली धुण्याच्या ब्रशासारखा, पण अगदी बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो. सगळे करायला पाच मिनिटे लागतात. शेवटी पेस्ट थुंकून टाकावी. लगेच तांब्याभर पाण्याने चुळा भरू नयेत.

कडुनिंबाची काडी तारेखाली जात नाही. मिशरी तर तंबाखूच आहे. ती पोरांच्या हाती देऊच नये.

ऊस दाताने सोलू नये. कडक चिक्की, फुटाणे, बोराची बी यांनी तुकडा निघतो. निघाला की पुन्हा दवाखान्याची खेप, आणि काम लांबते. पेरू कापून द्यावा. गोड खायचे तर जेवणाबरोबर खावे. दिवसभर बिस्किटे चघळणे वाईट. तार गालाला टोचली तर डॉक्टरांकडून मेण आणून लावावे. घरची पक्कड लावू नये.

हे सगळे आम्ही बाईंना सांगितले. त्यांनी मुलीला पुन्हा घासायला लावले. रात्री त्या मोबाइलचा दिवा लावून म्हणाल्या, "आ कर गं." तुकडा चकाकला तर ठीक. कडेला पिठासारखे पांढरे दिसले तर पुन्हा घासायचे. पहिल्याच दिवशी मुलगी फणकारली, "आई, मी काय लहान आहे का?"

"लहान नाहीस, म्हणून तर रोज बघत नाही. दोन दिवसांआड बघते."

हे आम्हाला पटले. या वयाच्या पोरांना ओरडून काही होत नाही. आणि दिवा आईनेच धरावा असे कुठे आहे? बापानेही धरावा.

दोन आठवड्यांत रक्त यायचे थांबले. थांबले नसते तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे होते. समोरच्या एका दातावर मात्र डाग पडला होता. तो आता थोडा फिका झाला आहे. पुरता जाईल, असे डॉक्टर म्हणत नाहीत. तार निघायला अजून वर्ष आहे.