दडविलेली ओळख : मानसशास्त्रीय थरारकथा आणि आपण

वसतिगृहातील दिवे मालवल्यावर चादरीखाली विजेरी लावून रहस्यकथा वाचणारी मुले प्रत्येक पिढीत असतात, हे आपल्या निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना नव्याने सांगावयास नको. पालक मात्र अधूनमधून विचारतात, ‘सर, असले वाचून पोरांच्या हाती काय लागते?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

साध्या रहस्यकथेत गुन्हा कोणी केला, हे शोधावयाचे असते. बाबूराव अर्नाळकरांच्या कथांनी मराठी वाचकाला ही गोडी लावली. मानसशास्त्रीय थरारकथेत मात्र खरी घटना माणसाच्या मनात घडते. तिची काही सूत्रे ठरलेली आहेत. पहिले, स्वतःच्या जाणिवेवरील विश्वास ढळणे. पॅट्रिक हॅमिल्टनच्या ‘गॅसलाइट’ (१९३८) या नाटकात पती पत्नीला ती वेडी होत असल्याचे भासवितो. डोळ्यांना दिसते तेही तिला खरे वाटेनासे होते. दुसरे, अपराधाची टोचणी. दोस्तोयव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ (१८६६) या कादंबरीत न्यायालयाआधीच मन शिक्षा सुरू करते. तिसरे, बंद जागा आणि एकटा पडलेला माणूस. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात खेळ म्हणून मांडलेला खटला लीला बेणारेभोवती खराखुरा फास आवळतो. चौथे सूत्र दडविलेल्या ओळखीचे : आपण कोण आहोत हे उघड होईल, ही क्षणाक्षणाची धास्ती.

या चौथ्या सूत्रापाशी आपण थांबले पाहिजे. बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहातील त्याच नावाची कथा थरारकथा म्हणून कोणी वाचत नाही. परंतु तिच्यातील ताण कोणत्याही थरारकथेहून कमी नाही. रेल्वेत नोकरीस लागलेला तरुण जात लपवून परक्या गावी राहतो. त्याच्याविषयी वाटणारा आदर आणि जिव्हाळा या साऱ्यांच्या तळाशी एकच प्रश्न दबा धरून बसलेला असतो : कळले तर?

ही केवळ कल्पना नव्हे. १९१७ साली परदेशी शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. ते पारशी नाव लावून पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावर एकाकी खोली, शेजारी अडगळीने भरलेला अंधारा दिवाणखाना, सोबतीला वटवाघळे आणि एक लहानसा कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

येथे एक मोठा भेद ध्यानी येतो. बहुतेक थरारकथांत भयाचे मूळ एखाद्या विकृत मनात असते. ते मन सापडले की कथा संपते. बागुलांच्या कथेत आणि बडोद्याच्या त्या खोलीत राहणाऱ्याचे मन निरोगी आहे. विकृती भोवतालच्या व्यवस्थेत आहे. म्हणून तेथे गुन्हेगार पकडून प्रश्न सुटत नाही. बागुलांनी त्याच कथेत आपली जात न लपविणारा काशिनाथही उभा केला आहे. त्याच्या वाट्याला अपमान आणि संघर्ष येतात. परंतु उघडे पडण्याचे भय त्याला शिवत नाही.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज परभणी सोडून पुण्या-मुंबईत भाड्याने खोली शोधतात. घरमालकाने आडनाव विचारल्यावर घशात अडकलेला आवंढा त्यांतील काहींना ठाऊक असेल. त्या क्षणी ‘माझ्यातच काही उणे आहे’ असे वाटू लागले, तर ‘गॅसलाइट’मधील पत्नीसारखीच आपलीही फसवणूक झाली, असे समजावे.

तेव्हा पालकांना माझे उत्तर असे : मुलांना थरारकथा अवश्य वाचू द्या. पुस्तक मिटल्यावर मात्र त्यांना एकच विचारा, ‘हे भय निर्माण कोणी केले?’ कथेत हा प्रश्न विचारावयास शिकलेले मूल उद्या जगण्यातही तो विचारील, आणि आपले नाव सांगताना त्याचा आवाज खाली जाणार नाही.