बैलजोडीचे बळ आणि सामाईक दंडाचा हिशेब

नांगर आणि गाडी एवढीच बैलाची कामे, आणि यंत्र म्हटले की त्यास इंजिन अथवा वीजच पाहिजे, ही समजूत इतकी रूढ झाली आहे की, ज्या परभणीत १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात पशुशक्तीच्या योग्य वापराविषयीच्या अखिल भारतीय संशोधन योजनेचे काम झाले, त्या परभणीतही ती ऐकू येते. वास्तविक तेल्याचा घाणा आणि गुऱ्हाळाचा चरक ही यंत्रेच होत. तेथे बैलाच्या एका फेऱ्याबरोबर लाटेचा एकच फेरा होतो. कडबा कापावयाचा अथवा धान्य दळावयाचे झाल्यास मात्र तीच संथ चाल दातेरी चाकांनी वाढवून, बैलांच्या वाटेखालील झाकलेल्या चरातून आडव्या लोखंडी दंडाने कामशाळेत न्यावी लागते.

येथे दुसरा व अधिक घातक गैरसमज उद्भवतो, तो असा की मोठी दातेरी पेटी बसविली म्हणजे शक्ती वाढते. हिशेबच मांडून पाहू. लालकंधारी अथवा देवणी जातीची, मिळून आठशे किलो वजनाची जोडी आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ८० किलोची ओढ, ताशी अडीच किलोमीटर चालीने दीर्घकाळ देऊ शकते. आणि ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलण्यास जी शक्ती लागते ती जर एक अश्वशक्ती, तर ही पुरती जोडी पाऊण अश्वशक्तीच ठरते. तीन मीटर त्रिज्येच्या रिंगणात ती मिनिटाला दोनांहून किंचित अधिक फेरे घेते. ते शंभरपट केले की दंड दोनशेंवर फेरे घेऊ लागतो खरा, पण पीळ, म्हणजे फिरविण्याचा जोर, शंभरावा हिस्सा होऊन, बारा सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाच्या कडेवर जेमतेम वीस किलोची ओढ उरते, आणि त्यातूनही प्रत्येक दात्याचे व प्रत्येक आधाराचे घर्षण आपला वाटा वसूल करते. वंगणाची हयगय झाली, तर तो वाटा बैलाच्या खांद्यावरून वसूल होतो.

मराठवाड्यातील सरकी काढण्याच्या कारखान्यांत एकाच लांब दंडावरून रेच्यांची अख्खी रांग चालताना ज्यांनी पाहिली, त्यांना साहजिकच वाटते की दंड सामाईक असला म्हणजे हवी तितकी यंत्रे त्यावर जोडावीत. परंतु तेथे शक्ती दंडाची नव्हे, पलीकडच्या इंजिनाची असते. दंड केवळ वाटणी करतो. गावच्या पिठाच्या गिरणीला पाच-दहा अश्वशक्तीची मोटर लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे पाऊण अश्वशक्तीवर गिरणी व कडबाकुट्टी एकदम चालविण्याची तजवीज व्यर्थ, हे उघड होते. अशा दंडाचा खरा उपयोग निराळा आहे: प्रत्येक यंत्रापाशी एक पक्के व एक मोकळे चाक ठेवून पट्टा काठीने मोकळ्यावर सरकविला, की बैल न सोडता सकाळी कुट्टी, नंतर दळण, असे क्रमाने काम घेता येते. ही सोय माझ्या मते लहान नव्हे.

बैलाच्या डोळ्यांवरील झापड म्हणजे निव्वळ क्रौर्य, असेही कोणी म्हणतात; ती गोल फिरताना त्याने बुजू नये, भोवंडू नये म्हणून बांधण्याचा प्रघात आहे. खरा अपाय दुसरीकडे असतो. बैल एकाएकी थांबले तरी यंत्राचे फिरते वजनदार चाक थांबत नाही, आणि मध्ये एकाच बाजूने अडकणारी दात्याची खीळ नसेल, तर बैल ज्याला जुंपलेले असतात तो आडवा दांडा त्यांच्या मागल्या पायांवर येऊन आदळतो. ही खीळ न बसविता खर्च वाचविणे मला अक्षम्य वाटते. विश्रांतीची बाबही तशीच. ओढकाम व ओझेकाम करणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी गाडी व ओझ्याच्या कामास दिवसाला नऊ तासांची, सलग पाच तासांची मर्यादा घातली असून, तापमान ३७ अंशांवर असता दुपारी बारा ते तीन काम मना केले आहे. रिंगणातल्या जोडीलाही तोच न्याय लावावा, आणि मे महिन्यात परभणीत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बाराच्या आत पट्टा उतरवून, जू काढून, जोडी लिंबाच्या सावलीत पाण्यापाशी बांधावी.