दुष्काळातील शरणागती: तुकोबांचा देव आणि त्याचा आसरा

संकटात सापडलेल्या माणसाने देवाचा आसरा घ्यावा ही गोष्ट बहुतेक सर्व धर्मपरंपरांना परिचित असली, तरी त्या आसऱ्याचे स्वरूप कोणते, तो मिळाल्यावर माणसाच्या वाट्याचे दुःख सरते की केवळ ते सोसण्याचे बळ येते, आणि आसरा घेतल्यानंतर माणसाकडे कोणते कर्तव्य उरते, हे प्रश्न वाटतात तितके सोपे नाहीत. देवाला शरण जाणे म्हणजे हातपाय गाळून बसणे असा एक समज सुशिक्षितांमध्ये आढळतो, तर शरण जाणे म्हणजे नवस बोलून संकट टाळून घेणे असा दुसरा समज भाविकांमध्ये आढळतो. मराठी संतांच्या शरणागतीला हे दोन्ही समज लागू पडत नाहीत. ते का लागू पडत नाहीत हे समजून घ्यायचे असेल, तर सतराव्या शतकातील महादुष्काळात घरदार होरपळलेल्या देहूच्या तुकोबांइतके समर्थ उदाहरण दुसरे नाही.

या विषयाची तात्त्विक बैठक थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात देवाला भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत: पीडेने व्याकूळ झालेला तो आर्त, जाणून घेऊ इच्छिणारा तो जिज्ञासू, काही मिळवू इच्छिणारा तो अर्थार्थी आणि ज्याला कशाचीच अपेक्षा उरलेली नाही तो ज्ञानी. यांपैकी ज्ञानी भक्त श्रेष्ठ मानला असला, तरी गीता चौघांनाही उदार म्हणते. म्हणजे केवळ संकट आले म्हणून देवाकडे धावणाऱ्या माणसालाही ती दाराबाहेर उभे करीत नाही. भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्राची कथा याच आर्त भक्ताची आहे. मगरीने पाय धरलेला तो हत्ती आधी स्वतःच्या बळावर दीर्घकाळ झुंजतो, सोबतच्या हत्तींकडूनही त्याची सुटका होत नाही, आणि सर्व उपाय थकल्यावर तो परमेश्वराला हाक मारतो. त्याने झुंज दिली होती ही बाब कथेत गौण नाही, हे येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

दक्षिणेतील श्रीवैष्णव संप्रदायाने या शरण जाण्याचे, म्हणजेच प्रपत्तीचे, सविस्तर शास्त्र रचले. पांचरात्र आगमांच्या आधारे तिची सहा अंगे सांगितली जातात: देवाला अनुकूल तेच करण्याचा निश्चय, प्रतिकूल ते टाळणे, तो रक्षण करील हा विश्वास, रक्षणकर्ता म्हणून त्याची केलेली निवड, स्वतःला त्याच्या स्वाधीन करणे आणि आपल्या असहायतेची प्रामाणिक कबुली. पुढे या संप्रदायात असा वाद निर्माण झाला की माणसाने स्वतः किती प्रयत्न करायचा. एका पक्षाने मर्कटन्याय मांडला, ज्यात माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला आपल्या हातांनी घट्ट धरून राहते; दुसऱ्याने मार्जारन्याय मांडला, ज्यात मांजरीच पिल्लाला तोंडात धरून नेते आणि पिल्लू काहीच करीत नाही. वारकरी संतांनी असा वाद शास्त्रीय परिभाषेत घातला नाही. विठ्ठलाला त्यांनी माउली म्हटले आणि आईशी लेकराने जसे वागावे तसे ते त्याच्याशी वागले, म्हणजे तिला बिलगले, तिच्यावर रुसले, तिच्याशी भांडले आणि तिचे ऐकलेही.

इसवी सन १६३० मध्ये गुजरात आणि दख्खन या दोन्ही प्रदेशांत पावसाने दगा दिला. त्याच सुमारास शाहजहानच्या फौजा निजामशाहीवर चालून आल्या होत्या, त्यामुळे निसर्गाच्या कोपात युद्धाची भर पडली. शेते ओस पडली, जनावरे मेली आणि माणसे गावे सोडून वाट फुटेल तिकडे निघाली. अब्दुल हमीद लाहोरी याच्या पादशाहनाम्यात या दुष्काळाचे वर्णन आहे, आणि त्या वेळी सुरतेहून आग्र्याकडे निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने वाटेत जागोजागी पडलेल्या प्रेतांची नोंद करून ठेवली आहे. शाहजहानने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत अशा ठिकाणी अन्नछत्रे उघडली आणि काही महसूल माफ केला, पण पुण्याजवळच्या इंद्रायणीकाठच्या खेड्यात असा कोणताही राजाश्रय पोहोचण्याची शक्यता नव्हती.

तुकोबांचे घराणे देहूत प्रतिष्ठेचे होते. घरी शेती, वाण्याचा व्यापार, सावकारी आणि महाजनकी असे सर्व काही होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या पंढरीची वारीही होती. पूर्वज विश्वंभरबाबांनी गावात विठ्ठलाचे देऊळ उभारले होते. आईवडील गेले, थोरले बंधू सावजी आपल्या पत्नीच्या निधनानंतर घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले, आणि अशा अवस्थेत दुष्काळ आला. धंदा बुडाला, पत गेली, पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून मरण पावली आणि मुलगाही गेला. हे सर्व नंतरच्या चरित्रकारांनी रंगवून सांगितलेले नाही. तुकोबांनी स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत संपत्ती आटल्याचे, मानहानी झाल्याचे आणि पत्नी अन्नासाठी टाहो फोडीत गेल्याचे अगदी मोजक्या शब्दांत सांगितले आहे. त्या मोजकेपणामुळेच ते अभंग आजही वाचकाचा जीव कासावीस करतात.

दुष्काळाने तुकोबांना आपोआप देवाकडे नेले असे म्हणणे मात्र सोपे आणि चुकीचे ठरेल, कारण त्या दुष्काळात हजारो माणसे होरपळली आणि त्यांतील फार थोड्यांच्या वाट्याला अशी वाट आली. या वाटेचा क्रम तुकोबा सांगतात तो असा, की पूर्वजांचे देऊळ मोडकळीस आले होते, ते दुरुस्त करावे असे मनात आले. एकादशीला कीर्तन करण्यास प्रारंभ केला, तेव्हा अभ्यासात चित्त नव्हते. मग पूर्वीच्या संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली. हे सर्व लहान आणि हाताने करण्याजोगे उद्योग आहेत. चमत्काराचा वा साक्षात्काराचा प्रसंग या क्रमात आरंभी येत नाही. सर्वस्व गमावलेल्या माणसाने आधी पडलेल्या भिंती सावरायला घेतल्या आणि विश्वास त्या कामाच्या ओघात वाढत गेला, असे या निवेदनावरून दिसते. म्हणून ही शरणागती आळसाची होती असे म्हणता येत नाही.

आपले दिवाळे निघाले, दुष्काळाने पीडा केली ते बरेच झाले, अशा आशयाचेही अभंग गाथेत आहेत. तेवढेच वाचून तुकोबांना प्रापंचिक दुःखाविषयी बेफिकीर ठरविणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. जो पत्नीचा अन्नासाठीचा टाहो आयुष्यभर विसरला नाही, त्यानेच पुढे मागे वळून पाहताना त्या दुःखाला देवाकडे नेणारी वाट म्हटले. या दोन विधानांच्या मध्ये भामचंद्र आणि भंडारा या डोंगरांवरचा दीर्घ एकांत आहे, मनाशी झालेला झगडा आहे. दुःखाच्या ऐन घटकेला कोणी दुसऱ्याला असे समाधान ऐकवील तर ते क्रौर्य ठरेल. तुकोबांनी ते इतरांना ऐकवले नाही, स्वतःविषयी म्हटले, आणि हा भेद समजून घेतल्याखेरीज या अभंगांचा अर्थ लागत नाही.

अठराव्या शतकातील संतचरित्रकार महिपती यांनी नोंदविलेल्या परंपरेनुसार, तुकोबांनी धाकटे बंधू कान्होबा यांच्याशी कर्जखतांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवून टाकली. या प्रसंगाकडे बहुधा वैराग्याची खूण म्हणून पाहिले जाते. पण दुष्काळानंतरच्या गावात सावकाराकडील खत म्हणजे कोणाची तरी जमीन, कोणाचा तरी बैल, कोणाच्या तरी पुढच्या पिढीची मिळकत असते, आणि ज्यांच्याकडून येणे होते तेही त्याच अवर्षणाने मोडलेले होते. स्वतःला देवाच्या आसऱ्याला नेणाऱ्या माणसाने आपल्या कचाट्यातील माणसांना आधी मोकळे केले, असा या घटनेचा अर्थ घेतला तर शरणागतीची सामाजिक बाजू दृष्टीस पडते. कान्होबांचा वाटा त्यांनी बुडवला नाही, कारण दुसऱ्याच्या मिळकतीवर स्वतःचा परमार्थ साधण्याचा अधिकार त्यांनी घेतला नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

दुसरे मोठे संकट माणसांनी आणले. शूद्राने वेदार्थ सांगणारी कविता करावी हे अमान्य झाल्याने वाघोलीच्या रामेश्वर भट्टांच्या सांगण्यावरून तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या, आणि तुकोबा नदीकाठी अन्नपाणी सोडून तेरा दिवस बसून राहिले. वह्या पाण्यातून सुरक्षित वर आल्या ही श्रद्धा वारकरी परंपरेने जपली असून, तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई यांच्या अभंगांतही या घटनेचा उल्लेख येतो. ऐतिहासिक चिकित्सा बाजूला ठेवली तरी या प्रसंगावरील तुकोबांचे अभंग वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचे आहेत. आधी ते देवाला जाब विचारतात, त्याच्या दारात धरणे धरतात. आणि वह्या परत मिळाल्यावर त्यांना आनंदापेक्षा पश्चात्ताप अधिक होतो, लोकांच्या बोलण्यापायी आपण देवाचा अंत पाहिला, त्याला शिणवले, याची खंत त्यांना लागते. ज्या नात्यात तक्रारीला जागा आहे आणि तक्रारीनंतर समोरच्याच्या कष्टाची जाणीवही आहे, त्या नात्याला देवघेव म्हणता येणार नाही. नवसाच्या मुळाशी करार असतो आणि कराराला असा पश्चात्ताप होत नाही.

तक्रारीचा हा हक्क वारकरी परंपरेत तुकोबांच्याही आधीपासून आहे आणि तो सर्वांत धारदारपणे चोखोबांच्या कुटुंबाने वापरला. चौदाव्या शतकातील चोखामेळा विठ्ठलाला आपला आधार मानीत, पण अस्पृश्य ठरविलेल्या जातीत जन्मल्यामुळे त्यांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश नव्हता. म्हणजे ज्या देवाचा आसरा, त्याच्याच दाराबाहेर त्यांना उभे राहावे लागे. त्यांचे पुत्र कर्ममेळा यांनी तर असा जन्म देऊन तुला काय मिळाले, असा सरळ प्रश्न देवाला केला. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून चोखोबा दगावले आणि त्यांची समाधी मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ झाली. त्या मंदिराचे दार दलितांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले. देवावरील विश्वास आणि देवाच्या नावाने चालणारी व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चोखोबांनी सोसून दाखवले, आणि त्यांच्या विश्वासाची थोरवी सांगताना त्या व्यवस्थेला माफी देणे योग्य नाही.

संकटात विश्वास टिकतोच असेही नाही, आणि हे सांगितल्याशिवाय या विषयाचे विवेचन अपुरे राहील. पंडिता रमाबाईंचे आईवडील अनंतशास्त्री आणि लक्ष्मीबाई डोंगरे तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरत असत. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी होते नव्हते ते दानधर्मात घालून उपासतापास आणि अनुष्ठाने केली, तरी १८७४ मध्ये दोघेही भुकेने खंगून मरण पावले आणि पाठोपाठ थोरली मुलगीही गेली. या अनुभवाने आपली आणि भावाची जुनी श्रद्धा कशी ढासळली हे रमाबाईंनी पुढे स्पष्टपणे लिहिले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुलींना आणि विधवांना आपल्याकडे आणले. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच उभे राहिले. तुकोबांना दुष्काळाने वडिलोपार्जित विठ्ठलाजवळ आणले, रमाबाईंना दुष्काळाने वडिलोपार्जित देवापासून दूर नेऊन दुसऱ्या वाटेने देवाजवळ पोहोचवले. धर्म बदलला, पण स्वतः भूक पाहिलेल्या माणसाला मिळालेला आसरा इतरांसाठी खुला करावासा वाटतो, ही गोष्ट दोघांच्याही आयुष्यात सारखीच दिसते.

आधुनिक मानसशास्त्रानेही या विषयाचा अभ्यास केला आहे. केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये संकटाला तोंड देण्याच्या तीन धार्मिक रीती मांडल्या: देवाने बळ दिले आहे, आता उपाय आपणच शोधायचा ही पहिली, सर्व देवावर सोपवून स्वस्थ राहायचे ही दुसरी, आणि देवाला सोबती मानून त्याच्याबरोबरीने उपाय करायचा ही तिसरी. मर्कट आणि मार्जार या जुन्या न्यायांशी या विभागणीचे जवळचे नाते दिसते. तुकोबांची रीत तिसऱ्या प्रकारात बसते, असे त्यांच्या अभंगांवरून म्हणता येईल.

एका व्यक्तीचा उल्लेख राहतो आणि तो टाळणे गैर ठरेल. तुकोबांची दुसरी पत्नी जिजाबाई याच दुष्काळातून गेल्या, पती डोंगरावर असताना त्यांनी मुलांना सांभाळले, घर चालविले आणि परंपरेनुसार डोंगरावर भाकरीही नेली. त्यांना कर्कशा ठरविणाऱ्या कथा कीर्तनांतून फार रंगविल्या गेल्या. विठ्ठलावर त्यांचा राग होता असे त्याच कथा सांगतात. तो खरा असेल तर दुष्काळात घर सांभाळणाऱ्या बाईचा तो राग पूर्णपणे न्याय्य होता, आणि तोही त्या देवाशी चाललेल्या संवादाचाच भाग मानला पाहिजे.

ज्या वाचकांना या विषयाच्या मुळाशी जायचे असेल त्यांनी तुकोबांच्या गाथेतील सुटे, सुभाषितासारखे वापरले जाणारे अभंग काही काळ बाजूला ठेवावेत आणि दुष्काळाचे, देवळाच्या दुरुस्तीचे, वह्या बुडाल्याचे आणि त्या परत मिळाल्यानंतरच्या पश्चात्तापाचे अभंग एकामागोमाग सलग वाचावेत.