नातवाचं नाव आलू ठेवावं का?

धाकू गवत्या फोफेरकर. नाग्या महादू कातकरी. आलू बेमट्या म्हात्रे. पनवेलशेजारच्या उरण तालुक्यात, चिरनेरजवळच्या अक्कादेवीच्या डोंगरात 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यात जे आठ जण हुतात्मे झाले, त्यांतली ही तीन नावं. चिरनेरच्या स्मारकासमोर ती ऐकताना कुणाला हसू येत नाही.

पण समजा, अशाच एखाद्या आगरी घरात उद्या बारसं आहे आणि पणजोबांची आठवण म्हणून बाळाचं नाव ‘आलू’ ठेवायचं घाटतंय. घर आता गावठाणात नाही, कामोठ्याच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर आहे. शेजारीपाजारी हिंदी बोलणारे. पोर खाली खेळायला उतरलं की पहिल्याच संध्याकाळी त्याचा बटाटा होणार, हे आईला आत्ताच दिसतंय. आजीच्या डोळ्यांसमोर मात्र तिचा सासरा आहे. दोघींचंही खरंच आहे.

पनवेल परिसरात हा पेच जरा जास्तच टोकदार होतो. सिडकोची वसाहत उभी राहिली तशी गावं शहराच्या पोटात गेली, आणि धाकू, जोमा, पदू, चांगू ही नावं सातबाऱ्यावर आणि आजोबांच्या तसबिरीखाली उरली. तरी त्यातलं एक नाव रोज हजारो पोरांच्या ओळखपत्रावर असतं. माजी खासदार रामशेठ ठाकूर यांच्या वडिलांचं नाव नवीन पनवेलच्या महाविद्यालयाला दिलेलं आहे : चांगू काना ठाकूर. शब्दांशीच खेळायचं म्हटलं, तर ‘चांगू’ ऐकून टवाळाला ‘चंगू-मंगू’ सुचेल. ‘काना’ म्हणजे मराठी मुलाला अक्षरापुढची उभी रेघ, हिंदी मुलाला एका डोळ्याचा माणूस. प्रत्यक्षात पनवेलमध्ये हे कुणाच्या मनातही येत नाही. पोरं ‘सीकेटीला आहे’ म्हणतात आणि पुढे जातात. सतत कानावर पडणाऱ्या नावाला त्या माणसाचा आणि त्या जागेचा अर्थ चिकटतो, कोशातला मागे पडतो. मात्र महाविद्यालयाला कुणी मधल्या सुट्टीत चिडवत नाही, मुलाला चिडवतात, हा फरक विसरता येत नाही.

जुन्या मराठी माणसाला नावाचा अर्थ कळत नव्हता असं अजिबात नाही. उलट तो मुद्दाम वाईट अर्थाचं नाव ठेवी. मुलं जगत नसत. मग मागची दोन-तीन गेलेली असली की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, केरू, भिकू. दृष्ट लागण्यासारखं इथे काही नाहीच, हा तर धोंडा आहे, हा तर केर आहे, असं नियतीला भासवायचं. देवाकडे पदर पसरून मिळालेला तो भिकाजी. नाक टोचून मुलीसारखा वाढवला तो नथू. धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक महिन्यात जन्मला म्हणूनही कुणी धोंडू व्हायचा. या नावांनी पुढे कुणाचं काही अडलं नाही. केरूनाना छत्रे अलिबागजवळच्या नागावचे. गणित आणि खगोलाचे नामवंत अध्यापक, टिळकांचे गुरू. धोंडो केशव कर्व्यांना 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं. पुण्याचे मिठाईवाले दगडूशेठ तर गणपतीच्याच नावात जाऊन बसले.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती कडू आहे. ‘बलुतं’ (1978) लिहिणाऱ्या दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. शूद्राचं नाव तुच्छता दाखवणारं असावं, असं मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलेलं आहे. म्हणजे एका घरात मायेनं ठेवलेला दगडू दुसऱ्या वस्तीत जातीची खूण म्हणून माथी बसतो. सातारा जिल्ह्यात तर ‘नकुशी’ हे नाव थेट मुलीलाच सांगत होतं की तू नको होतीस. 22 ऑक्टोबर 2011 रोजी तिथल्या 285 मुलींची नावं समारंभपूर्वक बदलण्यात आली. कुणी कितीही घराण्याची आठवण म्हणो, नकुशी हे नाव जपण्यासारखं नव्हतं. धोंडू आणि नकुशी यांना एकाच मापानं मोजण्यात अर्थ नाही. आई-बापांनी ते नाव कशापायी ठेवलं, हे आधी पाहावं लागतं.

आजोबांचं नाव आणि रोजची हाक यांचा मेळ घालायची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. बाळाजी विश्वनाथ पेशवे 1720 साली वारले, त्याच वर्षी नातू जन्मला. त्याला आजोबांचंच नाव मिळालं, पण इतिहास त्याला नानासाहेब म्हणून ओळखतो. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, पणजोबांचं. घरात सगळे ‘बाळ’ म्हणत, तेच कायम राहिलं. यात सुनेची सोय होती. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग त्याच नावाच्या पोराला अंगणातून हाक कशी मारणार? म्हणून घरोघर नाना, अण्णा, आबा, बाळ झाले. आजच्या आईला ही अडचण नाही, पण तिला युक्ती उसनी घेता येईल. आत्यानं बाळाच्या कानात ‘आलू’ म्हणावं, घुगऱ्या वाटाव्यात, घरात तीच हाक राहू द्यावी आणि दाखल्यावर दुसरं नाव लिहावं. किंवा उलट, दाखल्यावर पणजोबा आणि खेळायला जाताना दुसरं काही.

यातलं काय दाखल्यावर लिहायचं, ते मात्र नीट ठरवा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखलाच आधाराला लागतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम असतो. तेव्हा चारही शब्द एका दमात मोठ्यानं म्हणून बघा. सुटं नाव गोड वाटतं आणि आईच्या नावाला जोडलं की भलतंच काही ऐकू येतं, असंही होतं. आजीचं आणि आईचं एकमत होत नसेल तर घाई करू नका. जन्म 21 दिवसांत नोंदवा, नावाचा रकाना मोकळा सोडा. बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत मुदत असते.