नखांवर उमटलेल्या तारखा

आपल्या अंगठ्याचे नख जरा निरखून पाहा. जो भाग दिसतो तो निर्जीव आहे. केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाचा तो पत्रा होय. म्हणूनच नख कापताना दुखत नाही. जिवंत कारखाना मुळाशी, कातडीखाली असतो. तेथे पेशी सतत विभागतात, कठीण होतात आणि पुढे ढकलल्या जातात. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. पायाचे त्याच्या निम्मेच.

हा कारखाना काही दिवस मंदावला तर? तेवढा भाग पातळ राहतो आणि नखावर आडवी खाच उमटते. फ्रेंच डॉक्टर बो यांनी १८४६ साली या खाचांचे वर्णन केले. त्यांना ‘बोच्या रेषा’ म्हणतात.

कर्करोगावरील रसायनोपचारात, म्हणजे केमोथेरपीत, असेच घडते. भराभर विभागणाऱ्या पेशींना ही औषधे गाठतात. पण केसांच्या व नखांच्या मुळांतील पेशीही भराभर विभागत असल्याने त्याही सापडतात. भाईंदर, मीरा रोडचे कित्येक रुग्ण लोकलने परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जातात. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. समजा, दर २१ दिवसांनी औषध मिळते. नख दिवसाला ०.१ मिलिमीटर वाढते, म्हणजे दोन खाचांत अंतर किती? २१ × ०.१ = २.१ मिलिमीटर! उपचारांच्या तारखाच जणू नखावर लिहिल्या जातात.

काहींची नखे काळवंडतात, ठिसूळ होतात. पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल या औषधांनी ती खालच्या कातडीपासून सुटूही शकतात. डोसेटॅक्सेल देताना काही ठिकाणी गोठवलेले हातमोजे घालतात. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि नखांपर्यंत औषध कमी पोहोचते. मात्र हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

घरी काय करावे? नखे आखूड व सरळ कापावीत, कडेची कातडी कापू नये, मलम किंवा खोबरेल लावावे. सुटलेले नख ओढू नये; आखूड कापून पट्टीने झाकावे. पायांत घट्ट बूट नकोत. भिजलेले हात अधिक धोक्याचे. उत्तनच्या कोळीवाड्यात मासळी साफ करणाऱ्या बाईला तर काटेही टोचतात. तेव्हा रबरी हातमोजे हवेतच. आपल्या घरी कोणी आजारी असेल, तर भांडी घासण्याचे काम तुम्हीच अंगावर घ्या!

एवढी काळजी का? या उपचारांत रक्तातील पांढऱ्या पेशीही घटतात, आणि साधे नखुरडेही जिवावर बेतू शकते. नखाभोवती सूज वा पू दिसला किंवा ताप आला, तर रात्र असली तरी रुग्णालयाला लगेच कळवावे. मात्र नखे बिघडली म्हणून आपल्या मनाने औषध थांबवू नये. उपचार संपले की नवे नख येते. हाताचे साधारण सहा महिन्यांत, पायाचे वर्ष-दीड वर्षात.

हा वेग तुम्हीही मोजू शकता. अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या आणि दर रविवारी त्याचे कातडीपासूनचे अंतर मोजून वहीत लिहा. ठिपका पुसट झाल्यास त्यावरच पुन्हा द्या. महिन्याने पाहा, तुमचा कारखाना किती वेगाने चालतो ते!